मोरझरीची फिरती होळी

मोरझरीचा डाकबंगला बासष्ट सालच्या होळीला जळून खाक झाला, आणि त्याच आगीवर अनंत पुसदकरचं लग्न शिजलं.

आता हे विसरा. बंगला जळालेला नाही. मोरझरीच्या जंगलाला त्या साली आग लागली नाही, तिथे कोणी पाहुणे गेले नाहीत, आणि बंगल्याच्या छपराला कवेलू, म्हणजे पक्की कौलं, आहेत. सरकारदरबारी असंच आहे, आणि सरकारपेक्षा जास्त आपल्याला काय ठाऊक असणार. तेव्हा न घडलेली गोष्ट सुरुवातीपासून सांगायला हरकत नाही.

अनंत यवतमाळला जंगल खात्याच्या एका कचेरीत कारकून होता. कोणत्या कचेरीत ते विचारू नका, तिथे अजून तेच पंखे आहेत आणि पंख्याखाली तीच माणसं. अनंतकडे बांबूचं काम होतं. जिल्ह्यातला कुठला बांबू कोणत्या गाडीनं कुठे गेला हे तो झोपेत सांगायचा. बांबू प्रत्यक्ष पाहायचा तो मात्र वर्षातून एकदाच, गुढीपाडव्याला.

स्थळ जुळवणाऱ्या मावशीनं नरहर वकिलांच्या घरी सांगितलं की मुलगा जंगल खात्यात साहेब आहे. मावशीच्या हिशेबी खुर्चीला हात असले की वर बसलेला साहेब. वकिलांना पगार विचारायचा नव्हता, पत्रिका पाहायची नव्हती. त्यांचं एकच म्हणणं होतं. "जावयाच्या शब्दावर काही हललं पाहिजे. माझ्या शब्दावर कोर्टातला पट्टेवालासुद्धा हलत नाही, निदान घरात एक तरी माणूस शब्दाला वजन असलेला असावा."

अनंतनं तेव्हाच खरं सांगितलं असतं. पण वकिलांची मुलगी सुमेधा पोह्यांची बशी पुढे करताना खालच्या आवाजात म्हणाली होती, "हे खाऊ नका, मीठ दोनदा पडलंय." अनंतनं सगळे पोहे खाल्ले, वर मागून घेतले, आणि त्या दिवसापासून त्याला दुसऱ्या कुठल्याही घरचे पोहे अळणी लागायला लागले. हे स्थळ हातचं गेलं तर तो आयुष्यभर अळणी खाणार होता. म्हणून वकील जेव्हा म्हणाले, "होळीची सुट्टी आम्ही तुमच्या जंगलात काढतो. वाघ दाखवा," तेव्हा अनंत म्हणाला, "दाखवतो." जसा काही वाघ त्याच्या टेबलाच्या खणात होता.

मोरझरी म्हणजे पांढरकवड्याच्या पलीकडचं जंगल. तिथे राष्ट्रीय उद्यान होणार होतं. उद्यान व्हायच्या आधी पाटी झाली. पाटी लागली तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. रंग वाळतो न वाळतो तोच मुंबई राज्यात गेलो. मग महाराष्ट्र झाला. दर वेळी जुन्या राज्याचं नाव खोडून नवं रंगवलं गेलं, पण 'नियोजित' हा शब्द तिन्ही राज्यांनी मोठ्या आदरानं जसाच्या तसा राखला.

पाटीपासून हाकेच्या अंतरावर बंगला. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, वर गवताचं छप्पर. गवत काढून कवेलू घालायचा हुकूम आला होता. कवेलूही आले होते. ते कागदावर चढले, छपरावर चढायचे तेवढे राहिले.

बंगल्याचा चौकीदार प्रेमसिंग खालच्या बंजारा तांड्यातला. त्याचा पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून निम्मा मुलूख हिंडला होता. प्रेमसिंगनं त्याची भरपाई म्हणून बंगल्याच्या पायरीवर बैठक मारली होती आणि तिथून तो सहसा हलत नसे. पांढरकवड्यापर्यंत एस.टी. आणि पुढे बैलबंडी असा प्रवास करून पाहुणे आले, तेव्हा प्रेमसिंगनं पायरीवरूनच त्यांच्याकडे सावकाश पाहिलं.

"साहेब कोन हाय यातले?" त्यानं विचारलं.

"मी," अनंत म्हणाला.

प्रेमसिंगनं त्याला वरून खाली न्याहाळलं. "असंल," तो म्हणाला. "आजकाल कोनीबी असते."

बंडीवाला बैल जुवातून सोडून, बंडी तिथेच ठेवून, बैलांसकट गावाकडे निघून गेला. सणाचा दिवस होता, त्यालाही घर होतं.

संध्याकाळी सगळे व्हरांड्यात बसले. वकिलांच्या पत्नी कुंदाबाईंनी यवतमाळहून पुरणपोळ्या, नारळ आणि तुपाची बरणी आणली होती. इथे आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सगळं आणलं, होळी राहिली.

"सण असा सुनासुना जायचा म्हणजे," त्या म्हणाल्या. "चार गोवऱ्या तरी पेटवायच्या."

"जंगल खात्यात लाकडाचा तुटवडा दिसतो," वकील अनंतकडे न पाहता म्हणाले. जावयाच्या शब्दावर अजून काहीच हललं नव्हतं. वाऱ्यानं पानं हलत होती, पण ती वकिलांनी हिशेबात धरली नाहीत.

तेवढ्यात समोरच्या डोंगरावर उजेड पडला. आधी एक ठिपका, मग ठिपक्याची रेघ, मग रेघेच्या वर लाल धूर. मावळतीच्या आभाळाखाली ते असं काही देखणं दिसत होतं की कुंदाबाईंचे हात आपसूक जोडले गेले.

"अगं बाई, होळी."

"एवढी मोठी?" वकील उठून उभे राहिले. "अनंतराव, ही तुमची व्यवस्था?"

अनंतच्या तोंडात 'नाही' आलं होतं. पण सुमेधा त्याच्याकडे पाहत होती. तो म्हणाला, "हो. सांगून ठेवलं होतं."

"शाबास," वकील म्हणाले. "याला म्हणतात वट."

अनंत पाणी आणायच्या निमित्तानं मागच्या बाजूला गेला. तिथे प्रेमसिंग चुलीपुढे उभा राहून डोंगराकडे पाहत होता, आणि त्याचा चेहरा कोणी त्याच्या पागोट्याला हात घातल्यासारखा झाला होता.

"प्रेमसिंग, ते काय आहे?"

"दिसून नाई राह्यलं? पल्याडच्या खेमसिंगच्या तांड्यानं होळी पेटवली."

अनंतच्या जिवात जीव आला. म्हणजे होळीच होती. त्याचं खोटं निम्मं खरं निघालं होतं.

"मग बरंच झालं की."

"काय बरं झालं, बाबू? तांड्याची होळी सांजेले पेटते का कधी? तुमची पेटते, तांड्याबाहेरच्या कोर लोकायची. आमची फाटे, तांबडं फुटताना पेटते, नायकाच्या हातानं. अन् आधी आमचा तांडा, मंग त्याचा. खेमसिंगनं आज आमच्या नाकावर टिच्चून पेटवली."

तेवढ्यात व्हरांड्यातून वकिलांचा आवाज आला. कोर्टात तो कधी पोचत नसे, इथे अगदी स्पष्ट पोचला. "अनंतरावांनी सांगितलं आणि डोंगरावर होळी लागली. असा जावई पाहिजे."

प्रेमसिंगनं अनंतकडे वळून पाहिलं. आता त्याला सगळा कट समजला. "म्हंजे तुमीच खेमसिंगले सांगतलं," तो म्हणाला. "माह्या हातचा चहा पिऊन." त्यानं खांद्यावर काठी टाकली. "भात चुलीवर हाय. पाहाजा." आणि जो माणूस पायरीवरून हलत नव्हता, तो ताडताड तांड्याकडे निघून गेला. वकिलांनी हे पाहिलं असतं तर अनंतच्या शब्दावर निदान एक माणूस हलला असं त्यांनी मान्य केलं असतं.

इकडे व्हरांड्यात पूजा सुरू झाली होती. कुंदाबाईंनी डोंगराच्या दिशेनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पोळीवर तूप सोडलं. मग वकिलांनी तोंडावर पालथी मूठ मारून रीतसर बोंब ठोकली. होळीला बोंब मारायची ती दणकून, असा त्यांच्या घराण्याचा शिरस्ता होता. अनंतनंही मारली. पहिल्यांदाच ती सासरेबुवांच्या सुरात लागली, आणि त्याला वाटलं की जमलं.

मग सुमेधा म्हणाली, "तुमची होळी इकडे येतेय."

खरंच येत होती. रेघ डोंगरावरून उतरून खालच्या सागाच्या रांगेत शिरली होती.

"हो," अनंत म्हणाला. "फिरती होळी आहे ती."

"म्हणजे?"

"पाहुण्यांनी एवढ्या मोठ्या डोंगराला प्रदक्षिणा कशी घालायची? म्हणून होळीच फिरते."

वकिलांनी मान डोलावली. अशी सोय त्यांनी सरकारी कामात कधी पाहिली नव्हती. सुमेधेनं मान डोलावली नाही.

अंगणातून आधी दोन सांबरं धावत गेली. मग रानडुकरांचं एक कुटुंब, लेकराबाळांसकट, कोणाकडे न पाहता. कुंदाबाई पाय वर घेऊन खुर्चीवर बसल्या. "हीही व्यवस्था?" वकिलांनी विचारलं, आणि अनंत म्हणाला, "हो." आता मागे फिरायला जागाच नव्हती. आणि मग वाघ आला.

वाघ धावत नव्हता. तो डाव्या हाताच्या झुडपातून निघाला, अंगणाच्या मधोमध आला, आणि नैवेद्याच्या पोळीपाशी क्षणभर थांबला. पोळी हुंगली. यवतमाळहून बंडीनं आलेली पोळी होती, वाळली होती. वाघानं व्हरांड्यातल्या चौघांकडे असं पाहिलं, की हे लोक इथे बसून काय करून राहिलेत. आणि उजव्या हाताला निघून गेला.

मग वकील घसा खाकरून म्हणाले, "वेळेवर आला."

अनंतनं बांबूच्या पुष्कळ आगींची नोंद केली होती, आणि त्या सगळ्या 'वेळीच आटोक्यात' आल्या होत्या, कारण ते वाक्य तोच लिहीत असे. ही आग कुणी लिहिलेली नव्हती. ती कुंपणापाशी आली, कुंपण खाल्लं, आणि एक ठिणगी वर उडून छपरावर निवांत बसली.

वकिलांनी वर पाहिलं. "अनंतराव, हेही तुमचंच?"

"नाही," अनंत म्हणाला. "पळा."

हा त्याचा त्या संध्याकाळचा पहिला खरा शब्द, आणि त्याच्यावर सगळे हलले. बंडी होती, पण ओढायला बैल नव्हते. चौघं पायवाटेनं तांड्याकडे धावत सुटले. कुंदाबाईंनी तुपाची बरणी काही सोडली नाही. मागे छप्पर मोठा आवाज करून पेटलं. वकील आणि अनंत जिवाच्या आकांतानं ओरडत होते, पण आदल्या घटकेपासून तोंडावर मूठ मारायची हाताला सवय लागली होती, त्यामुळे मदतीची हाक बोंबच होऊन बाहेर पडत होती.

खाली तांड्याच्या प्रमुखानं, देवीलाल नायकानं, कान टवकारले.

"आयका," तो म्हणाला. "खेमसिंगची होळी पेटली, आता हे कोर लोकं बोंबा मारून आपल्याले चिडवून राह्यले."

प्रेमसिंगनं आधीच येऊन बाबूच्या कटाची हकिकत तिखटमीठ लावून सांगितली होती. तांडा खवळला होता. महिनाभर पोरांनी जमवलेली लाकडं तांड्यापुढच्या माळावर रचलेली होती, ती पहाटेसाठी. देवीलालनं डोंगराकडे पाहिलं, पागोटं नीट केलं आणि हुकूम सोडला. "पहाट गेली खड्ड्यात. आत्ता पेटवा. अन् त्याच्यापेक्षा मोठी पेटवा. माळ पेटला तं पेटू द्या."

माळावर कमरेएवढं वाळकं गवत. होळी पेटली, गवतानं धरलं, आणि डोंगराच्या आगीनं जो वारा ओढला होता त्या वाऱ्याबरोबर तांड्याची आग उलटी जंगलाकडे धावत निघाली. माळाच्या एका कडेनं नाल्यातून पायवाट येत होती. तेवढी वाचली, आणि त्या वाटेवरून पाहुणे येत होते.

वाटेच्या तोंडाशी नायकण जमनी आणि तिच्यामागे तांड्यातल्या बाया उभ्या होत्या. आरशांच्या घागऱ्यांवर दोन्हीकडच्या आगी चमकत होत्या. प्रत्येकीच्या हातात काठी, आणि वाटेवर आडवा दोर. होळी पेटली की बायांचं राज्य सुरू होतं. रस्त्यानं येणाऱ्या पुरुषानं फगवा, म्हणजे होळीची बक्षिशी, द्यायचा, नाहीतर काठी खायची. यात नायकाचंही काही चालत नाही.

"थांबा," जमनी म्हणाली. "फगवा."

"बाई, मागे आग आहे," वकील धापा टाकत म्हणाले.

"अन् पुढं आमी हाव."

"ही बेकायदेशीर अडवणूक आहे. भारतीय दंड विधान—"

पहिली काठी तिथेच बसली, वकिलांना बसायला लागतं त्या जागी. वकिलांनी कलम अर्ध्यावर सोडलं. पाकीट बंगल्यात कोटासोबत जळत होतं. कुंदाबाईंनी प्रसंग ओळखला आणि तुपाची बरणी जमनीच्या हातात ठेवली. जमनीनं झाकण काढून वास घेतला, दोर खाली केला आणि म्हणाली, "याडी, माय, तू ये. तुहा म्हाताराबी ये. हा बाबू नाई. यानं आमच्या होळीचं नाक कापलं." मग तिनं सुमेधेकडे पाहिलं. "हा तुहा कोन?"

"अजून कोणी नाही," सुमेधा म्हणाली.

"मंग घे." जमनीनं स्वतःची काठी तिच्या हातात दिली. "हान."

सुमेधेनं काठी हातात तोलून पाहिली. मागे दोन आगी एकमेकींच्या दिशेनं येत होत्या, आणि अनंतला त्या दोन्हींपेक्षा ही काठी जास्त तापलेली वाटली.

"तुम्ही साहेब आहात?"

"कारकून. बांबूचा."

एक काठी, पोटरीवर. फार जोरात नाही.

"होळी तुमची होती?"

"नाही."

दुसरी.

"डुकरं?"

"डुकरं आपली आपण आली."

"आणि वाघ?"

"वाघ कुणाचाच नाही हो," अनंत जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला. "वाघाला पाहून मी मेलोच होतो."

बाया हसायला लागल्या. सुमेधा हसली नाही, पण तिसरी काठी तिनं मारलीही नाही. "फिरती होळी," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिचा ओठ जरा हलला. वकील दोन हात अंतरावर, मार बसलेल्या जागी हात धरून उभे होते. सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं.

मग माळाच्या मधोमध दोन्ही आगी भेटल्या. एकमेकींना खायला काही ठेवलेलं नव्हतं. दोघी थोडा वेळ तोंडाला तोंड लावून उभ्या राहिल्या आणि खाली बसल्या. तांडा वाचला, पाहुणे वाचले, आणि सगळा तांडा खेमसिंगला शिव्या देण्यात इतका गुंतला होता की हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहाटे खेमसिंग स्वतःच ढोल घेऊन, माणसं घेऊन भांडायला आला.

"देवीलाल, होळी काल सांजेले काहून पेटवली? आमी काय मेलतो?"

"आमी? तूच आधी डोंगर पेटवला."

"मी तं आता पेटवून निंगालो. धुपून राह्यली ना अजून."

दोघे नायक थांबले. मग दोघांनी, आणि त्यांच्यामागे दोन्ही तांड्यांनी, अनंतकडे पाहिलं. "बाबू म्हने, मीच सांगतलं," प्रेमसिंगनं आठवण करून दिली. "वकीलबी म्हनत होता. म्या कानानं आयकलं."

तांड्यातली म्हातारी धनीबाई मध्येच म्हणाली, "म्या पेटवलं." डोंगरावरच्या मोहाच्या झाडांखालचा पाला तिनं दुपारी जाळला होता. दरवर्षी जाळते. खालची जमीन साफ असली की फुलं वेचायला सोपी जातात. यंदा वारा जास्त होता. पण म्हातारीचं कोणी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात सायकलवरून रेंजर आला होता आणि राखीव जंगल कुणी पेटवलं याचं उत्तर त्याला तिथल्या तिथे, आणि शक्यतो एकाच माणसाच्या नावानं, हवं होतं. एक माणूस तयारच होता. अनंतची नोकरी, आणि तिच्यामागून पोहे, दोन्ही एकदमच निघालेली दिसत होती.

"एक मिनिट," नरहर वकील म्हणाले.

रात्रभर पालथं झोपून त्यांनी विचार केला होता. आग लावणाऱ्या कारकुनाचा खटला उभा राहिला, तर त्या आगीला बायकोला नारळ फोडू देणारा, तूप सोडू देणारा आणि तिच्या नावानं बोंब मारणारा साक्षीदार म्हणून कोण उभा राहणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं होतं.

"रेंजरसाहेब, जळालं काय?"

"बंगला. छप्पर गेलं ना सगळं."

"छपराला दफ्तरी काय आहे?"

रेंजर सायकलच्या हँडलशी चाळा करायला लागला. कवेलू कागदावर चढवताना खाली सही त्यानंच केली होती.

"कवेलू," तो शेवटी म्हणाला.

"कवेलू जळतात?"

"नाही."

"मग बंगला जळाला?"

"नाही," रेंजर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "बंगला जळाला नाही."

"बंगला जळाला नाही म्हणजे आग तिथवर आली नाही. पाहुणे आले असतील, तर त्यांची सही बंगल्याच्या वहीत असेल. ती दाखवा."

वही बंगल्यातच जळाली होती, ती कुठून दाखवणार. वकील आयुष्यात पहिल्यांदाच उलटतपासणी जिंकले होते, आणि तीसुद्धा उभ्यानं, कारण बसता येत नव्हतं. रेंजर सायकलवर टांग टाकून निघून गेला. दोन्ही नायकांनी ठरवलं की ज्या अर्थी आग लागलीच नाही, त्या अर्थी कुणाचंच नाक कापलं गेलं नाही, आणि होळी पुन्हा एकदा, नीट, एकत्र पेटवली. लाकडं खेमसिंगची.

परतीच्या बंडीत वकील उभे होते. नाला ओलांडल्यावर ते म्हणाले, "जंगल पेटलेलं, दारात वाघ, आणि माणूस म्हणतो फिरती होळी. चेहऱ्यावर रेष नाही. एवढं मला तीस वर्षांत कोर्टात जमलं नाही." कुंदाबाई म्हणाल्या की तूप चांगलं गेलं, कामी आलं.

"पण खोटारडा आहे," वकील सुमेधेला म्हणाले. "तू बघ."

सुमेधेनं अनंतकडे पाहिलं. त्याच्या भुवया थोड्या जळल्या होत्या, पोटरीवर दोन वळ होते.

"त्याच्यापाशी होतं नव्हतं ते सगळं खोटं त्यानं एका संध्याकाळीच खर्च केलंय, बाबा," ती म्हणाली. "आता पुढे खरंच बोलावं लागेल. आणि नाही बोलला तर जमनीबाईंनी काठी दिलीय मला."

काठी खरंच तिच्या मांडीवर होती.

लग्न वैशाखात ठरलं. अनंतनं त्याच आठवड्यात कचेरीत एक अर्ज टाकला. तो नाकारायचा तर बंगला नाही असं लिहावं लागतं, आणि मंजूर करायचा तर बंगला लागतो. म्हणून तो अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे. अर्ज असा:

माननीय साहेबांचे सेवेशी,

विनंती अर्ज ऐसा जे, मौजे मोरझरी येथील शासकीय डाकबंगला दफ्तरी सुस्थितीत असून त्याचे छप्पर पक्क्या कवेलूंचे आहे. अर्जदाराचा विवाह येत्या वैशाखात होत असल्याने लग्नानंतर सपत्नीक मुक्कामाकरिता सदर बंगल्यातील पूर्वेकडील खोली मिळावी. खोलीस भिंती असाव्यात. व्हरांड्यात डोंगराकडे तोंड करून दोन खुर्च्या ठेवाव्यात, पैकी एक गादीची, कारण वकीलसाहेब भेटीस येण्याचा संभव आहे. वाघाची आवश्यकता नाही. मुक्कामाच्या काळात मौजे मोरझरीचा डोंगर होळीसह आहे त्या जागी स्थिर ठेवण्याबाबत संबंधितांस लेखी आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.